दाराच्या फळ्या जागेवर लावा

दक्षिण चीनच्या खेड्यांत पूर्वी घराचे दार म्हणजे चौकटीतून उचलून काढता येणाऱ्या लाकडी फळ्या असत. गावात मुक्कामाला आलेले सैनिक त्या काढत, बाकांवर आडव्या टाकत, वर भाताचा पेंढा पसरत आणि झोपत. सकाळी फौज निघून जाई. मागे फळ्या अंगणात पडलेल्या, पेंढा वाऱ्यावर उडालेला. दहा घरांच्या फळ्या एकमेकींत मिसळल्या, की कुणाची कुणाच्या चौकटीत बसत नसे. ज्याच्या घरी सैनिक राहून गेले, त्याचा पुढचा अर्धा दिवस स्वतःचे दार शोधण्यात जाई.

१९२८ च्या सुरुवातीला हुनान आणि जिआंग्शी या दोन प्रांतांच्या सीमेवरच्या डोंगरात लपलेल्या एका छोट्या फौजेने आपल्या सैनिकांना सहा सूचना दिल्या. निघताना दाराच्या फळ्या जागेवर लावा. अंथरलेला पेंढा बांधून ठेवा. लोकांशी नीट बोला. विकत घ्याल त्याचे योग्य पैसे द्या. उसने आणलेले परत करा. मोडाल ते भरून द्या.

चिनी क्रांती म्हटले की ‘सत्ता बंदुकीच्या नळीतून जन्माला येते’ हे माओचे वाक्य पहिल्यांदा आठवते. ते वाक्य त्याचेच आहे. पण १९२७ ते १९३४ या सात वर्षांत ही क्रांती कशी तगली आणि शेवटी कशी उखडली गेली, हे समजून घ्यायचे असेल तर बंदुकीपेक्षा दाराच्या फळ्या अधिक उपयोगी पडतात, असे मला वाटते. म्हणून सुरुवात तिथून केली.

पक्ष जन्मला शहरात

जुलै १९२१ मध्ये शांघायच्या फ्रेंच वसाहतीतल्या एका घरात डझनभर माणसे जमली. साऱ्या देशात मिळून त्यांच्या गटांचे सदस्य साठसुद्धा नव्हते. बैठक चालू असताना एक अनोळखी इसम आत डोकावून गेला. पोलिसांचा संशय आला आणि शेवटची बैठक त्यांनी जिआशिंग गावच्या तळ्यावर, सहलीची नाव भाड्याने घेऊन पार पाडली. चिनी कम्युनिस्ट पक्षाची स्थापना ती हीच. हुनानहून आलेला २७ वर्षांचा माओ त्से-तुंग त्यांच्यात होता, पण त्याचे स्थान तेव्हा फार वरचे नव्हते.

देशाची अवस्था काय होती? १९११ च्या क्रांतीने राजेशाही गेली. १९१६ मध्ये युआन शिकाई हा बलदंड अध्यक्ष वारला आणि त्यानंतर प्रांताप्रांतांत लष्करी सरदार माजले. प्रत्येकाची स्वतःची फौज, स्वतःचा कर, कधीकधी स्वतःचे चलनही. कुळाला पिकाचा निम्मा भाग खंड म्हणून जमीनदाराला द्यावा लागणे नवलाचे नव्हते. त्यावर सावकाराचे व्याज, आणि सरदाराने पुढच्या काही वर्षांचा आगाऊ वसूल केलेला कर.

नव्या पक्षाचे लक्ष मात्र कारखान्यांकडे होते. क्रांती कामगार करतो, शेतकरी मागून येतो, अशी त्यांची पोथी. मॉस्कोचा सल्ला असा, की तुम्ही फार लहान आहात, तेव्हा सन यत्-सेन यांच्या कुओमिंतांग या राष्ट्रवादी पक्षात शिरून काम करा. त्याप्रमाणे युती झाली. १९२४ मध्ये व्हाम्पोआ येथे लष्करी अकादमी निघाली. तिचा प्रमुख चिआंग कै-शेक, आणि तिच्या राजकीय विभागात चौ एन-लाय. पुढची वीस वर्षे एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसे इथे एकाच आवारात कवायत करत होती.

जुलै १९२६ मध्ये या संयुक्त फौजेने उत्तरेची मोहीम काढली. ती जिथे जिथे पोचली तिथे शेतकरी संघ उभे राहिले. १९२७ च्या सुरुवातीला माओने हुनानचे पाच तालुके ३२ दिवस फिरून पाहिले. गावोगावच्या जमीनदारांना कागदी टोप्या घालून शेतकरी मिरवत होते, खंड कमी करून घेत होते, खोटी मापे फोडत होते. कोट्यवधी शेतकरी वादळासारखे उठतील आणि त्यांना कुणी अडवू शकणार नाही, असा अहवाल त्याने लिहिला. पक्षनेतृत्वाला तो अडचणीचा वाटला, कारण कुओमिंतांगचे बरेच अधिकारी स्वतःच जमीनदार घरांतले होते.

१२ एप्रिल १९२७ च्या पहाटे चिआंगने युती तोडली. शांघायमधल्या ‘ग्रीन गँग’ या गुन्हेगारी टोळीच्या हाती बंदुका देऊन कामगार संघटनांवर हल्ला झाला, मग फौज उतरली. त्यानंतर शहरामागून शहरात कत्तली झाल्या. वसंतात ५७ हजारांच्या वर असलेली पक्षाची सदस्यसंख्या वर्षअखेरीस दहा हजारांच्या आसपास आली.

या पडझडीत एक भारतीय माणूस अगदी मध्यभागी होता, आणि मराठी वाचकाला तो अनोळखी नाही. मानवेंद्रनाथ रॉय तेव्हा कम्युनिस्ट इंटरनॅशनल या मॉस्कोहून चालणाऱ्या जागतिक संघटनेचे प्रतिनिधी म्हणून वुहानमध्ये होते. कम्युनिस्टांनी स्वतःची फौज उभारावी, शेतकऱ्यांनी जमिनी ताब्यात घ्याव्यात, अशा आशयाची स्टालिनची तार आली. कुओमिंतांगच्या डाव्या गटाचा नेता वांग जिंगवेई याला विश्वासात घेण्यासाठी रॉय यांनी ती त्याला दाखवली. वांग बिथरला आणि जुलैच्या मध्यास त्यानेही कम्युनिस्टांना हाकलले. हेच रॉय जुलै १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेले, आणि पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्या विचारांच्या वर्तुळात आले. एका तारेने क्रांती बुडाली असे मी म्हणणार नाही. वांग आज ना उद्या फिरलाच असता. ज्यांच्याजवळ स्वतःचा एकही सैनिक नाही, त्यांची गत दुसऱ्याच्या मर्जीवर ठरते, एवढे त्या वर्षी सगळ्यांना कळले.

डोंगराकडे

मग सुरू झाली उठावांची मालिका. १ ऑगस्ट १९२७ ला नानचांगमध्ये वीस हजारांच्या आसपास सैनिक फिरले. चौ एन-लाय, हे लाँग, ये टिंग, चू दे ही माणसे त्यात होती. चिनी सैन्य आजही आपला वर्धापनदिन १ ऑगस्टलाच पाळते. पण ही फौज दक्षिणेकडे जाताना दोन महिन्यांत विरघळली. चू दे याच्याजवळ शेवटी आठशेच्या आसपास माणसे उरली. सप्टेंबरमध्ये माओने हुनानमध्ये ‘सुगीचा उठाव’ केला. पाचेक हजार माणसे, लक्ष्य प्रांताची राजधानी चांगशा. आठ-दहा दिवसांत तोही मोडला. डिसेंबरमध्ये कँटनचा उठाव तीन दिवस टिकला आणि रक्तात बुडाला.

१९ सप्टेंबरला वेन्जियाशी नावाच्या गावी माओने चांगशाचा नाद सोडायचा निर्णय करून घेतला. पक्षाच्या आदेशाविरुद्धचा हा निर्णय होता आणि त्याबद्दल त्याला वरच्या समितीतून काढलेही गेले. महिनाअखेरीस सानवान गावी पोचेपर्यंत हजारसुद्धा उरले नव्हते. तिथे त्याने उरलेल्यांना सांगितले, ज्याला घरी जायचे असेल त्याने वाटखर्च घेऊन जावे. मग राहिलेल्यांची घडी बसवली. प्रत्येक कंपनीत पक्षाची एक शाखा. सैनिकांची स्वतःची समिती. अधिकाऱ्याने सैनिकाला मारायचे नाही. सगळ्यांना एकच जेवण.

मारायचे नाही हा नियम आज किरकोळ वाटेल. त्या काळच्या चिनी फौजेत सैनिक म्हणजे वेठीचा गडी होता. अधिकारी त्याला छडीने फोडून काढत आणि त्याचा पगार खात. पकडलेल्या शत्रूसैनिकांपैकी अनेक जण नंतर याच फौजेत राहिले. कालपर्यंतच्या छावणीत आणि आजच्या छावणीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, असे त्यांना वाटे. ज्यांना राहायचे नसे त्यांना पैसे देऊन सोडून देत. तो सुटलेला सैनिक परत जाऊन आपल्या तुकडीत काय सांगेल, याचा विचार त्यामागे होता.

ऑक्टोबरमध्ये ही माणसे जिंगगांगच्या डोंगरात पोचली. तिथे आधीच दोन टोळीनायक होते, युआन वेन्त्साई आणि वांग झुओ. त्यांना शस्त्रांनी हुसकावून लावण्याऐवजी माओने युआनला शंभर रायफली देऊ केल्या. ज्याच्याजवळ मुळातच मोजक्या बंदुका आहेत त्याने असे करणे मोठ्या धाडसाचे होते. युआनने धान्य-पैसा दिला, जखमींना जागा दिली.

हाच डोंगर का? इथे ‘मुक्त प्रदेश’, म्हणजे कम्युनिस्टांनी स्वतःच्या ताब्यात ठेवलेला मुलूख, या कल्पनेचे सगळे गणित आहे, म्हणून थोडे थांबू.

पहिले कारण, सीमा. हुनानचा सरदार वेगळा, जिआंग्शीचा वेगळा. एकाने हल्ला केला तर दुसरा मदतीला येईलच असे नाही. शेजाऱ्याची फौज झिजली तर त्याला आतून बरेच वाटे. दुसरे, तिथली खेडी आपल्या पोटापुरते स्वतः पिकवत. शहराशी व्यवहार तुटला तरी महिनोन्‌महिने जगू शकत. तिसरे, आसपासच्या तालुक्यांत १९२६-२७ मध्ये शेतकरी संघ होऊन गेले होते. लोकांनी एकदा खंड कमी करून घेतलेला होता आणि ती चव ते विसरले नव्हते. या तिन्ही गोष्टी एकत्र नसतील तर नुसता डोंगर काही कामाचा नाही. उंच डोंगर आणि घनदाट जंगल चीनमध्ये इतरत्रही होतेच.

आता धान्य. त्या डोंगरावर राहणारे लोक दोन हजारांहून कमी आणि भाताचे पीक दहा हजार ‘दान’पेक्षा कमी. एक दान म्हणजे खांद्यावरच्या कावडीत माणसाला वाहता येईल इतके ओझे, साधारण पन्नास-साठ किलो. एप्रिल १९२८ मध्ये चू दे आपली माणसे घेऊन येऊन मिळाला, तेव्हा फौज दहा हजारांच्या घरात गेली आणि बंदुका जेमतेम दोन हजार. एवढ्यांचे पोट डोंगरावर भरणे अशक्य. निंगगांग, योंगशिन, सुईच्वान या खालच्या तालुक्यांतून धान्य चढवावे लागे. चाळिशी ओलांडलेला चू दे, फौजेचा सेनापती, स्वतः कावड घेऊन त्या चढणीवर खेपा करायचा. सैनिकांनी त्याची कावड लपवून ठेवली आणि त्याने दुसरी करून तिच्यावर आपले नाव घातले, ही गोष्ट चीनमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. दिवसाला धान्याखेरीज माणशी काही पैसे मिळत. तेही सेनापतीपासून आचाऱ्यापर्यंत सारखेच. भाजी म्हणजे बहुधा भोपळा. ‘भांडवलदारांना पाडा आणि रोज भोपळा खा’ असे सैनिक वैतागून म्हणत, हे माओनेच आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे.

म्हणून त्या सहा सूचनांच्या जोडीला ज्या तीन शिस्ती होत्या, त्यांपैकी एक अशी होती, की लोकांचे एक रताळेही घ्यायचे नाही. उपाशी सैनिकांनी वाटेतल्या शेतांतली रताळी उपटून खाल्ल्यावर केलेली ती शिस्त आहे. शेतकऱ्याच्या हिशेबात रताळे उपटणारा आणि जमीनदाराचा कारभारी यांत फरक काय राहिला असता?

सोळा अक्षरे

गनिमी कावा म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावत बसायची गरज नाही. शब्द आपल्याकडे घरचा आहे. मोठ्या फौजेला अंगावर घेऊन दमवायचे, रसद तोडायची, अडचणीच्या जागी गाठायचे, हे त्यात येतेच. जिंगगांगवर १९२८ च्या उन्हाळ्यापर्यंत हेच सार सोळा चिनी अक्षरांत बसवले गेले, चार-चार अक्षरांच्या चार ओळींत. शत्रू पुढे सरकला, आपण मागे. शत्रूने तळ टाकला, आपण सतावू. शत्रू थकला, आपण तुटून पडू. शत्रू मागे वळला, आपण पाठीवर.

हे सोळा अक्षरांत का बसवले? कारण बहुतेक सैनिकांना वाचता येत नव्हते. चालीवर म्हणता येईल आणि पाठ होईल अशी ती युद्धनीती होती.

पण नुसती ही अक्षरे वाचून कुणी गनिमी युद्ध करायला गेला तर पहिल्या ओळीतच अडकेल. शत्रू पुढे सरकला हे कळणार कसे? किती आहेत, कोणत्या वाटेने आले, तळ कुठे टाकला, हे सांगणारे कुणीतरी लागते. मागे हटायचे तर कुठे? रात्री चार घरांत आसरा मिळायला हवा. सतावायचे तर वाटाड्या हवा. या चारही ओळींच्या खाली एक न लिहिलेली ओळ आहे, आणि ती म्हणजे गावकरी. फौज गावात शिरली की शत्रूच्या बाबतीत सगळे मुके-बहिरे होतात आणि आपल्या बाबतीत पोरेसोरेही हेर होतात, अशी स्थिती असेल तरच ही अक्षरे चालतात. दाराच्या फळ्या परत लावण्याचा संबंध इथे येतो.

माओने याला जाळ्याची उपमा दिली होती. जाळे कधीही पसरता आले पाहिजे, कधीही आवळता आले पाहिजे. लोकांना संघटित करायचे तेव्हा पसरायचे, शत्रू आला की आवळायचे. पसरायची वेळ आणि आवळायची वेळ चुकली तर काय होते, याचा धडा त्याच वर्षी मिळाला. जुलै-ऑगस्ट १९२८ मध्ये वरच्या समितीच्या आग्रहावरून दोन रेजिमेंटा दक्षिण हुनानात गेल्या. त्यांपैकी २९ वी रेजिमेंट त्याच भागातल्या शेतकऱ्यांची होती. गावाजवळ आल्यावर त्यांना घर दिसू लागले, आणि पहिल्याच पराभवानंतर ती जवळजवळ सगळी पांगली. शेतकरी घरासाठी लढतो, म्हणूनच घराची वाट दिसली की तो जातोही. त्यांना भेकड म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

इकडे डोंगर जवळजवळ रिकामा. ३० ऑगस्टला शत्रूच्या चार रेजिमेंटा हुआंगयांगजिएच्या खिंडीवर चालून आल्या. वर एका बटालियनहूनही कमी माणसे. खाली वाटेवर गावकऱ्यांनी टोकदार बांबूचे खिळे पेरून ठेवलेले. दुरुस्त करून आणलेली एकच उखळी तोफ आणि तीन गोळे. पहिले दोन फुसके निघाले असे सांगतात. तिसरा शत्रूच्या तळाजवळ फुटला. मुख्य फौज परत आली असे समजून शत्रू रातोरात निघून गेला. नशीब होतेच यात. पण बांबूचे खिळे नशिबाने उगवत नाहीत.

जखमींचे हाल मात्र वाचवत नाहीत. नोव्हेंबर १९२८ पर्यंत डोंगरावरच्या इस्पितळात आठशेहून अधिक रुग्ण साचले होते, आणि डॉक्टर, औषधे दोन्हींचा दुष्काळ. हीच अडचण दहा वर्षांनी उत्तर चीनच्या डोंगरांत जपान्यांशी लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीला भेडसावत होती. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला हेबेई प्रांतातल्या एका खेड्यात वारले. ते ज्या प्रकारच्या इस्पितळात राबले, जे गरज पडताच पाठीवर घेऊन हलवावे लागे, त्याची मुळे या पहिल्या दिवसांत आहेत.

एकास दहा, दहास एक

जानेवारी १९२९ मध्ये जिंगगांग सोडावा लागला. धान्य संपले होते. माओ आणि चू दे साडेतीन हजारांच्या आसपास माणसे घेऊन दक्षिण जिआंग्शीत उतरले आणि पुढे रुईजिन गावाभोवती मोठा प्रदेश त्यांच्या हाती आला. तिथे त्यांनी एक चूक सुधारली. जिंगगांगच्या जमीन कायद्याने सगळ्यांचीच जमीन काढून घेतली होती, त्यामुळे मधला शेतकरी दुरावला. एप्रिल १९२९ च्या नव्या कायद्याने फक्त जमीनदारांची आणि सार्वजनिक जमीन घ्यायची ठरवली. ७ नोव्हेंबर १९३१ ला रुईजिनमध्ये चिनी सोव्हिएत प्रजासत्ताक जाहीर झाले. इतर ठिकाणीही असे प्रदेश होते, पण आपण इथेच राहू.

चिआंगने डिसेंबर १९३० मध्ये पहिली ‘वेढा मोहीम’ काढली. त्याच्याकडे एक लाख सैनिक, कम्युनिस्टांच्या लाल सेनेकडे चाळीस हजार. सरळ भिडले असते तर निकाल लागलाच होता. पण एक लाख माणसे एका जागी नसतात. ती शेकडो किलोमीटरवर, वेगवेगळ्या सेनापतींखाली, वेगवेगळ्या वाटांनी येत असतात. लाल सेना आपल्याच प्रदेशात आत आत सरकत गेली. झांग हुईझान नावाचा सेनापती सुमारे नऊ हजार माणसांसह घाईने पुढे आला आणि ३० डिसेंबरला लाँगगांगच्या खोऱ्यात एकटा सापडला. तेवढ्या एका दिवसापुरते, तेवढ्या एका खोऱ्यात, पारडे उलटे होते. चाळीस हजार विरुद्ध नऊ हजार. माओ पुढे म्हणे, एकूण युद्धात आम्ही दहांविरुद्ध एक, पण प्रत्येक लढाईत एकाविरुद्ध दहा. संध्याकाळपर्यंत झांग स्वतःही कैद झाला.

लाँगगांगला एक रेडिओ संच हाती लागला. संदेश पाठवण्याचा भाग सैनिकांनी फोडून टाकला होता, कारण हे यंत्र काय आहे हेच त्यांना माहीत नव्हते. ऐकण्याचा भाग शाबूत राहिला. पकडलेले रेडिओवालेही फौजेत सामील झाले, आणि त्या अर्ध्या रेडिओवर शत्रूचे बोलणे ऐकायला सुरुवात झाली. गावकऱ्यांच्या कानांना हा एक नवा कान जोडला गेला. पुढल्या मोहिमांतल्या विजयांत याचा वाटा फार मोठा आहे.

१९३१ च्या वसंतात दुसरी मोहीम, दोन लाखांची. उन्हाळ्यात तिसरी, तीन लाखांची, खुद्द चिआंगच्या नेतृत्वाखाली. दोन्ही याच रीतीने फसल्या. तिसरीच्या वेळी १८ सप्टेंबरला जपानने मांचुरियावर हल्ला केला, त्याचाही फायदा झाला. चौथी १९३३ च्या सुरुवातीस मोडली. तेव्हा माओ सेनेच्या नेतृत्वातून बाजूला सारला गेला होता आणि लढाई चौ एन-लाय आणि चू दे यांनी जिंकली. सगळे श्रेय एका माणसाला देणाऱ्या कहाण्या वाचताना हे लक्षात ठेवायला हवे.

आतले रक्त

आता जे लिहायचे आहे ते टाळून या काळाबद्दल प्रामाणिकपणे लिहिताच येणार नाही.

ज्या युआन वेन्त्साई आणि वांग झुओ यांनी डोंगरावर आसरा दिला, त्यांना फेब्रुवारी १९३० मध्ये कम्युनिस्टांनीच मारले. टोळीवाल्यांवर विश्वास ठेवू नये असा वरून आदेश होता, त्यात स्थानिक लोक आणि बाहेरून येऊन वसलेले हक्का लोक यांचे जुने वैर मिसळले. डिसेंबर १९३० मध्ये, पहिल्या वेढ्याच्या तोंडावर, फुतिएन येथे ‘एबी गट’ नावाच्या कथित शत्रुगटाचे हस्तक शोधण्याच्या नावाखाली आपल्याच कार्यकर्त्यांचा छळ झाला. छळात एकाने दहा नावे घ्यायची, त्या दहांना पकडायचे. हजारो माणसे मारली गेली. माओची जबाबदारी यात सरळ आहे. पुढे पक्षानेच कबूल केले, की त्यांतले बहुतेक निर्दोष होते.

गनिमी युद्ध विश्वासावर चालते असे वर म्हटले. वेढ्यात सापडलेल्या माणसांत तोच विश्वास किती लवकर सडतो, हेही याच डोंगरांनी पाहिले.

बुरुजांचे जाळे

पाचव्या मोहिमेपर्यंत चिआंग शिकला होता. १९३३ च्या शरद ऋतूत त्याने सगळ्या आघाड्या मिळून दहा लाखांच्या घरात सैन्य लावले. त्याच्याजवळ जर्मन लष्करी सल्लागार होते. या वेळी फौज धावत आत शिरली नाही. काही किलोमीटर पुढे यायचे, दगड-विटांचे बुरूज बांधायचे, रस्ता तयार करायचा, मग पुन्हा थोडे पुढे. असे हजारो बुरूज उभे राहिले. आत ओढून एकटे गाठावे, तर एकटे कुणी येतच नव्हते. ‘तीन भाग लष्कर, सात भाग राजकारण’ अशी त्याची घोषणा होती. जिंकलेल्या गावांत घरांचे गट पाडून एकाच्या गुन्ह्याला सगळ्यांना जबाबदार धरायची जुनी पद्धत त्याने आणली. एका घराने लाल सैनिकाला भात दिला तर शेजारची घरे दोषी. गाव आणि फौज यांच्यामधला धागा नेमका ओळखून तो कापणे चालू होते.

आणि मीठ. मुक्त प्रदेशात मीठ पिकत नव्हते, ते बाहेरून येई. नाकेबंदीने ते बंद झाले. लोक पोकळ बांबूत लपवून मीठ आणत आणि पकडले गेले तर मरत. जुन्या भिंतींची खारट माती खरवडून, उकळून कडवट मीठ काढत. बिनमिठाच्या जेवणावर महिनोन्‌महिने राबणाऱ्या माणसाचे हातपाय गळतात. या लढाईच्या हकिकतींत मला बुरुजांपेक्षा हे मीठ जास्त टोचते.

याच वेळी पक्षाची सूत्रे शांघायहून आलेल्या बो गू या तरुण नेत्याकडे आणि ऑटो ब्राऊन या जर्मन सल्लागाराकडे होती. एक इंचही जमीन सोडायची नाही, बुरुजाला बुरूज, अशी त्यांची रीत. ज्याच्याजवळ तोफा आहेत आणि ज्याच्याजवळ नाहीत, त्यांनी असा सामना खेळला तर काय होणार? एप्रिल १९३४ मध्ये ग्वांगचांगच्या अठरा दिवसांच्या लढाईत लाल सेनेचे पाच हजारांहून अधिक सैनिक जखमी झाले किंवा मेले. पुढे माओच्या बाजूने सगळा दोष या दोघांवर टाकण्यात आला. मला ते पूर्ण पटत नाही. बुरुजांच्या त्या वेढ्यापुढे जुनी सोळा अक्षरेही किती चालली असती, याची शंका वाटते.

खेड्यांचे काय झाले, ते अधिक महत्त्वाचे. भरतीच्या मोहिमांमागून मोहिमा निघाल्या. गावातले धडधाकट पुरुष फौजेत गेले, शेते बायका, म्हातारी माणसे आणि मुले कसू लागली. फौजेसाठी धान्य ‘उसने’ मागितले गेले, एकदा, दोनदा, तीनदा. एक रताळेही घेऊ नका म्हणणाऱ्यांना आता सगळेच मागावे लागत होते. काहींनी मनापासून दिले, काहींनी भीतीने, आणि काही जण रात्री डोंगर ओलांडून पळून गेले.

ऑक्टोबर १९३४ मध्ये प्रदेश सोडायचे ठरले. ८६ हजार माणसे यूदू गावापाशी गोळा झाली. समोर सुमारे सहाशे मीटर रुंद नदी, पूल नाही, दिवसा विमाने. मागे राहणाऱ्यांत जखमी होते, त्यात मांडीत गोळी लागलेला लाल सेनेचा सेनानी चेन यी होता. माओ आणि त्याची बायको (तिचे नाव ‘हे झिझेन’) यांचे दोन वर्षांचे मूल माओच्या भावाकडे ठेवले गेले. तो भाऊ पुढच्या एप्रिलमध्ये मारला गेला आणि ते मूल पुन्हा कुणाला सापडले नाही.

पाच ठिकाणी नावा एकमेकींना बांधून तरते पूल करायचे होते. नावांवर टाकायला फळ्या हव्या होत्या. यूदूच्या लोकांनी घराची दारे काढून आणली. कुणी पलंगाच्या फळ्या आणल्या, आणि एका म्हाताऱ्याने स्वतःसाठी करून ठेवलेल्या शवपेटीच्या फळ्या दिल्या असे सांगतात. संध्याकाळी पूल जोडायचा, रात्रभर माणसे पलीकडे जायची, उजाडण्याआधी फळ्या काढून नावा काठाला लपवायच्या. १७ ऑक्टोबरपासून चार रात्री हे चालले. नदीकाठच्या कितीतरी घरांना त्या रात्री दारे नव्हती.